बंद कपातला आवाज : उंची क्लोज्ड-बॅक हेडफोनमधून उत्तम ध्वनी मिळवण्याच्या प्रश्नाचा आढावा

क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये ड्रायव्हरची, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाची, मागची बाजू लाकडाच्या, धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या बंद कपाने झाकलेली असते. त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत कमी येतो आणि आतले गाणे शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाही. ओपन-बॅक प्रकारात हीच बाजू जाळी लावून मोकळी सोडतात. उंची ऑडिओच्या जगात मान बराच काळ ओपन-बॅकलाच होता. क्लोज्ड-बॅक ही स्टुडिओतली किंवा प्रवासातली गरज म्हणून पत्करलेली तडजोड मानली जाई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लाखाच्या पुढच्या किमतीचे क्लोज्ड-बॅक हेडफोन बऱ्याच कंपन्यांनी काढले आणि ही समजूत पातळ झाली.

नागपुरासारख्या शहरात हा प्रश्न हौशीपुरता राहत नाही. मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत घराघरांत कूलर चालू असतो, रस्त्याकडेच्या घरांत हॉर्न थांबत नाहीत आणि लग्नसराईत डीजे असतोच. अशा घरात ओपन-बॅक हेडफोनचे बारकावे गोंगाटात बुडतात, म्हणून ऐकणारा क्लोज्ड-बॅककडे वळतो. महागडा संच घेतल्यावर मात्र लक्ष आणि पैसा आधी कशावर घालायचा, कपाच्या गादीवर, ॲम्पवर, डॅकवर (डिजिटल फाइलचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणावर), वायरवर की इक्वलायझरवर, याबद्दल जाणकारांत एकमत नाही.

पार्श्वभूमी

हेडफोनचा इतिहास बंद कपांपासूनच सुरू होतो. नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० मध्ये अमेरिकी नौदलाला पुरवलेले संच संदेश ऐकण्यासाठी होते. संगीताशी त्यांचा संबंध नव्हता. जर्मनीच्या बायरडायनॅमिकने १९३७ मध्ये डीटी ४८ हा डायनॅमिक ड्रायव्हरचा हेडफोन काढला. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ संगीतासाठी एसपी-३ आणला, तेव्हापासून हेडफोन घरगुती करमणुकीत शिरला. पुढे १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ हा ओपन प्रकारचा हेडफोन आला आणि वाटा वेगळ्या झाल्या. घरी निवांत ऐकणारे ओपन-बॅककडे गेले. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी क्लोज्ड-बॅक सोडले नाहीत, कारण माइकसमोर उभ्या असलेल्या गायकाच्या कानातला ट्रॅक माइकमध्ये शिरून चालत नाही. १९८५ चा बायरडायनॅमिक डीटी ७७०, १९८८ चा सेनहायझर एचडी २५ आणि १९९१ चा सोनी एमडीआर-७५०६ हे या वापरातले ठरलेले संच. १९४८ पासून चालत आलेल्या आकाशवाणी नागपूर केंद्रासारख्या ठिकाणीही ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या कानावर बंद कप असण्याचे कारण हेच.

क्लोज्ड-बॅकला उंची दर्जा देण्याचा पहिला मोठा प्रयत्न सोनीने १९८९ मध्ये एमडीआर-आर१० मधून केला. झेल्कोवा लाकडाचे कोरलेले कप आणि जिवाणूंपासून बनवलेल्या सेल्युलोजचा पडदा ही त्याची ओळख होती. नंतर फोस्टेक्सचा टीएच ९०० (२०१२), ऑडेझीचा एलसीडी-एक्ससी (२०१३), सेनहायझरचा एचडी ८२० आणि डेनॉनचा बांबूच्या कपांचा एएच-डी ९२०० (दोन्ही २०१८), फोकलचा स्टेलिया (२०१९), डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थ (२०२१) असे संच येत गेले. प्रत्येकाने एकाच अडचणीचे वेगळे उत्तर शोधले आहे.

कपात कोंडलेली हवा

ड्रायव्हरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा तो कानाकडे जितका आवाज ढकलतो तितकाच मागेही ढकलतो. ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये तो कपाच्या भिंतीवर आपटून परततो, पातळ पडद्यातून कानापर्यंत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. काही वारंवारतांना दोन्ही आवाज एकमेकांत भर घालतात, काहींना एकमेकांना खाऊन टाकतात. कपाची खोली ४ सेंटिमीटर धरली तर अर्ध्या तरंगलांबीचा हिशेब ४,३०० हर्ट्झच्या आसपास येतो. कान सर्वांत तल्लख असतो त्या पट्ट्याला हे लागूनच आहे, म्हणून कपातला दोष लपत नाही. आवाज ‘डब्यातून आल्यासारखा’ वाटण्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

दुसरी अडचण खर्जाच्या बाजूची. कोंडलेली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी वागते. कप लहान तितकी ती स्प्रिंग ताठ आणि ड्रायव्हरचा मूळ अनुनाद वर सरकतो. मग कपाला बारीक छिद्रे ठेवून दाब सोडावा लागतो, आणि जितका दाब सोडावा तितका गोंगाटही आत येतो. बऱ्याच महागड्या क्लोज्ड-बॅक संचांची गोंगाट अडवण्याची ताकद स्टुडिओतल्या स्वस्त संचांपेक्षा कमी निघते, ती याच देवघेवीमुळे. विकत घेणाऱ्याला हे सहसा आधी कळत नाही.

उपाय तीन दिशांनी झाले. एका गटाने कपाचे साहित्य आणि आकार यांवर भर दिला. लाकूड आवाजाला ‘ऊब’ देते, हा या गटातला लाडका दावा. मापन करणारे त्याकडे साशंकतेने पाहतात. कपाचे घनफळ, भिंतींचा कल आणि आतली लोकर किंवा फोम यांचा परिणाम साहित्यापेक्षा बराच मोठा असतो, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे, कारण लाकडाच्या कपाचा आकारच सहसा प्लॅस्टिकच्या कपाहून वेगळा असतो आणि एकाचा परिणाम दुसऱ्यापासून सुटा करून कुणी क्वचितच ऐकतो. दुसऱ्या दिशेला एचडी ८२०: त्याच्या वक्र काचेवर मागचा आवाज पडतो आणि तो शोषून घेणाऱ्या कप्प्यांकडे वळवला जातो. तिसरी दिशा स्टेल्थची. तिथे ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक कप्प्यांची एक जाळी बसवून नको असलेले अनुनाद मोजून मारले आहेत. मापनाच्या आलेखांत ही तिसरी वाट आज सर्वांत नीटस दिसते. ऐकायला तीच सर्वांत रंजक, असे मात्र सगळे म्हणत नाहीत.

‘बरोबर’ आवाज कोणता

स्पीकरचा आवाज सपाट असावा, हे सांगणे सोपे असते. हेडफोनबाबत तसे नाही. साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज बराच वाढवते, आणि कानाची पाळी, डोके, खांदे त्यात आपापली भर घालतात. स्पीकर ऐकताना हे सारे आपोआप घडते. कानावर कप ठेवला की त्यातला काही भाग नाहीसा होतो आणि तो हेडफोनने भरून द्यावा लागतो. किती भरून द्यायचा, हा सगळ्या वादाचा गाभा.

१९८० च्या दशकात जर्मनीत गुंथर थाइले यांनी ‘डिफ्यूज फील्ड’ची बाजू मांडली: सर्व दिशांनी सारखा आवाज येणाऱ्या खोलीत कानाच्या पडद्याशी जे मोजले जाईल, तेच हेडफोनने द्यावे. स्टुडिओच्या हेडफोनांवर या विचाराची छाप बरीच वर्षे राहिली. ऐकणाऱ्यांना असा आवाज चमकदार पण खर्जात किरकोळ वाटे. २०१२ पासून हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी प्रश्न उलटा धरला. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज लोकांना आवडतो का, हे त्यांनी नाव न सांगता केलेल्या ऐकण्याच्या चाचण्यांतून तपासले. त्यातून निघालेला ‘हार्मन टार्गेट’ आज सर्वांत जास्त वापरला जाणारा मापदंड आहे. साधारण १०० हर्ट्झखाली खर्जाला काही डेसिबलचा उठाव, मधला पट्टा समतोल, ३ किलोहर्ट्झला कर्णनलिकेइतकी वाढ आणि वर हळूहळू उतार, असा त्याचा ढाचा.

त्यावरचे आक्षेपही विचार करण्याजोगे आहेत. ऑलिव्ह यांच्याच विश्लेषणात ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना हा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे तिघांपैकी एकाला हा मापदंड जसाच्या तसा चालत नाही. शिवाय त्यांच्या एका मोठ्या चाचणीतले श्रोते अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन इथले होते, आणि वापरलेले संगीत मुख्यतः पाश्चात्त्य होते. तंबोऱ्याच्या जवारीवर आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यावर कान घडलेल्या श्रोत्याला तोच समतोल आवडेल का, हा प्रश्न त्या कामाच्या कक्षेतच नव्हता.

नागपूरकरांच्या जवळचा एक धागा इथे येतो. चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास वित्त खात्यातले अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. पुढे कोलकात्यात १९२० च्या दरम्यान त्यांनी दाखवून दिले की तबला आणि मृदंगावरची शाई चामड्याच्या कंपनांना जवळजवळ सुरेल श्रेणीत आणते, आणि तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे तारेतून असे वरचे स्वरांश उमटतात जे साध्या घोडीवर उमटायला नकोत. जवारीचा सगळा जीव या वरच्या स्वरांशांत असतो, आणि त्यांतले बरेच क्लोज्ड-बॅकच्या सर्वांत अवघड पट्ट्यात, ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये, पडतात. तिथे कपातल्या परावर्तनाने खड्डा पाडला तर तंबोरा बोथट होतो, उंचवटा आला तर तोच तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. क्लोज्ड-बॅक हेडफोन तपासायला शास्त्रीय गायनाची जोडतंबोऱ्याची सुरुवात हा म्हणूनच पाश्चात्त्य चाचणी-ट्रॅकइतकाच कठोर नमुना ठरतो.

किंमत आणि आवाज यांचा संबंधही इथेच पाहिलेला बरा. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांचे आलेख किमतीशी ताडून पाहिले. दोहोंत काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोन वाईट, असा याचा अर्थ नव्हे. विकृती, घडण, आराम आणि दोन्ही बाजूंचा सारखेपणा यांसाठी पैसे मोजले जातात. स्वरसमतोल मात्र त्या पैशांत आपोआप मिळत नाही.

मापनयंत्रांतही सारे आलबेल नाही. बहुतेक आलेख आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कृत्रिम कानावर घेतले जातात, आणि तो १० किलोहर्ट्झपुढे फारसा भरवशाचा नाही. ब्रुएल अँड केअरचा ५१२८ हा नवा पुतळा माणसाच्या कानाच्या अधिक जवळचा आहे, पण त्याचे आकडे जुन्या आकड्यांशी सरळ जुळत नाहीत, आणि क्लोज्ड-बॅकच्या खर्जात हा फरक जास्त दिसतो. यंत्राचा आकडा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे नागपुराला वेगळे सांगायला नको: मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि तो संवेदकाचा दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला.

गादी आणि कान यांच्यातली फट

वर मांडलेल्या वादांत जितकी शाई खर्च होते, त्याच्या पावपटही एका साध्या गोष्टीवर होत नाही: कानाभोवती गादी हवाबंद बसली आहे की नाही. क्लोज्ड-बॅकचा खर्ज कानाभोवतीच्या बंद पोकळीतल्या दाबावर उभा असतो. फट पडली की तो दाब निसटतो, आणि आधी जातो तो सर्वांत खालचा पट्टा. चष्म्याची काडी, कानावर आलेले केस, जबड्यामागचा खळगा यांतल्या कशानेही १०० हर्ट्झखाली कित्येक डेसिबल गळतात. दोन ॲम्पमधला फरक यापुढे नगण्य असतो. एकाच हेडफोनबद्दल एकाने ‘खर्ज दणदणीत’ आणि दुसऱ्याने ‘खर्जच नाही’ असे लिहिलेले आढळते, तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता दांडगी असते.

तपासणी सोपी आहे. ३० ते ६० हर्ट्झचा सलग स्वर हलक्या आवाजात लावावा आणि दोन्ही कप हाताने हळूच डोक्याकडे दाबावेत. दाबल्यावर स्वर ठळकपणे वाढला तर फट आहे. मग हेडबँड एक खाच खाली घ्यावा, कप किंचित पुढे किंवा मागे सरकवावेत, केस मागे घ्यावेत, जाड काडीच्या चष्म्याऐवजी बारीक तारेची काडी वापरून पाहावी. डावी-उजवी बाजू वेगळी तपासावी. एकाच बाजूची गळती गायकाला मध्यातून बाजूला सरकवते आणि दोष मात्र ड्रायव्हरवर येतो.

गाद्यांच्या बाबतीत नागपूरचे हवामान विशेष कठोर आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी. पावसाळ्यात तीच दमट. कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेन थर उष्णता, दमटपणा, घाम आणि केसांचे तेल यांनी सुटू लागतो आणि काळ्या पापुद्र्यांनी कान माखतात. पापुद्रे दिसायच्या कितीतरी आधी आतला फोम दबलेला असतो. ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, पोकळीचे घनफळ घटते आणि स्वरसमतोल बदलतो. मेंढीच्या चामड्याच्या गाद्या जास्त टिकतात, पण उकडतात. मखमली गाद्या थंड राहतात, पण त्यांच्या कापडातूनच हवा निसटते, म्हणून क्लोज्ड-बॅकवर त्या बसवल्या की खर्ज बहुधा बदलतो. सुती खोळ चढवण्याचा सर्रास चालणारा उपायही याच कारणाने निरुपद्रवी नाही. घाम पुसून गाद्या पंख्याखाली वाळवणे आणि दबल्या की त्याच बनावटीच्या बदलणे, हा कंटाळवाणा पण हुकमी मार्ग.

‘बर्न-इन’चा वाद याला चिकटूनच आहे. नवा हेडफोन शंभर तास वाजवला की ‘मोकळा होतो’, असे एक मत. ड्रायव्हरमधले मोजता येणारे बदल इतके लहान असतात की हेडफोन काढून पुन्हा घातल्यावर होणारा फरकच मोठा भरतो, असे दुसरे. दरम्यान गादी मऊ होते आणि कानही त्या आवाजाला सरावतो. ऐकणाऱ्याला जाणवलेला बदल खरा असू शकतो; तो ड्रायव्हरच्या खाती टाकणे मात्र घाईचे.

कूलर, रस्ता आणि शांतता

केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नागपुरातच मुख्यालय असलेल्या नीरी संस्थेने राज्यातल्या शहरांच्या गोंगाटाची मापने केली आहेत, आणि मर्यादा ओलांडल्या जातात हे सांगायला आता वेगळ्या अभ्यासाची गरज उरलेली नाही. घरातला कूलर रस्त्यापेक्षा जवळ असतो. पंख्याची घरघर, पंपाचा गुणगुणाट आणि ताट्यांवरून पडणारे पाणी यांचा मिळून जो आवाज होतो, त्यातला मोठा वाटा खालच्या पट्ट्यात असतो.

क्लोज्ड-बॅकची मर्यादा नेमकी तिथेच आहे. बंद कप १ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज २० डेसिबल किंवा त्याहून जास्त अडवू शकतो. २०० हर्ट्झखाली ही ताकद अगदी थोड्या डेसिबलवर येते. शेजारची बडबड थांबते, घरघर आत येते आणि डग्ग्याला झाकते. गोंगाट उलट्या कंपनाने मारणारी एएनसी याच्या बरोबर उलट, खालच्या पट्ट्यात प्रभावी ठरते. म्हणून एक गट म्हणतो की गोंगाटाच्या घरात फोकल बाथिस किंवा ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स यांसारखा एएनसीचा चांगला संच दुप्पट किमतीच्या साध्या क्लोज्ड-बॅकपेक्षा जास्त बारकावे ऐकवतो. दुसऱ्या गटाचे म्हणणे, एएनसीच्या संचांत आवाज आतल्या प्रोसेसरने घडवलेला असतो, बॅटरी उतरते, दुरुस्ती अवघड जाते, आणि शांत वेळ मिळाली तर वायरवाला संच पुढे जातो. दोन्ही बाजू आपापल्या जागी टिकतात. खोली किती शांत आहे यावर निकाल ठरतो, आणि बहुतेक चर्चांत खोलीचा उल्लेखच नसतो.

घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कूलरचा वेग एक पायरी खाली आणणे, त्याच्या स्टँडखाली रबर घालून खिडकीच्या चौकटीची थरथर तोडणे, बसण्याची जागा कूलरच्या झोतातून बाजूला घेणे. झोत थेट कपावर आला की छिद्रांतून वाऱ्याचा फडफडाट आत ऐकू येतो. हा दोष हेडफोनचा समजून संच परत पाठवण्याची वेळ येऊ शकते.

वीज, ॲम्प आणि डॅक

ॲम्पविषयीचे बरेच प्रश्न कागदावर सुटतात. एखाद्या ३२ ओहमच्या हेडफोनची संवेदनशीलता मिलिवॅटला ९६ डेसिबल असेल, तर ११० डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी २५ मिलिवॅट, म्हणजे सुमारे ०.९ व्होल्ट लागतात. ७५ डेसिबलच्या सरासरी ऐकण्याला एका मिलिवॅटचा शंभरावा भागही लागत नाही. फोनला लावायचा छोटा डॅक साधारण एक व्होल्ट देतो, तेव्हा बहुतेक क्लोज्ड-बॅक संचांना तो पुरतो. ३०० ओहमच्या एचडी ८२० ला त्याच शिखरासाठी सव्वादोन व्होल्ट लागतात. तिथे स्वतंत्र ॲम्पला अर्थ आहे.

ताकदीपेक्षा नडतो तो ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या बाहेर पडण्याच्या बाजूचा स्वतःचा रोध. १९९० च्या दशकातल्या आयईसी ६१९३८ या मानकात १२० ओहमचा उल्लेख होता, आणि काही जुन्या उपकरणांत आजही मोठे आकडे सापडतात. समजा ॲम्पचा हा आकडा १६ ओहम आहे, हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि खर्जातल्या अनुनादाशी त्याचा रोध ८० ओहमपर्यंत चढतो. गणित केले तर त्या जागी आवाज सुमारे १.९ डेसिबलने फुगतो. काहींना तो ‘भरदार’ वाटतो आणि नळीच्या ॲम्पची बरीचशी ख्याती यातून आलेली आहे. हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी आउटपुट इम्पीडन्स ठेवावा, हा प्रचलित नियम. प्लॅनर मॅग्नेटिक, म्हणजे सपाट पडद्यावर वाहक पसरलेल्या, संचांचा रोध सपाट असल्याने त्यांना याची झळ लागत नाही.

डॅक आणि हाय-रिझोल्यूशन फाइलींबाबत मते टोकाची आहेत. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये हाय-रिझोल्यूशन ध्वनी सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला; ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे ४९.८ टक्के आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यास एकत्र केले तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला आणि सराव दिलेल्या श्रोत्यांत तो आणखी चढला. फरक ऐकू येत असेल तर तो अतिशय बारीक आहे, इथपर्यंत दोन्ही बाजू येऊ शकतात. वायरींबाबत एवढाही आधार मिळत नाही. तुलना करताना दोन्ही बाजूंचा आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळवलेला नसेल तर जरा मोठा वाजणारा जिंकतो, आणि दुकानातल्या तुलना जवळजवळ सगळ्या तशाच असतात.

विजेचा भाग प्रत्यक्षात जास्त महत्त्वाचा. लॅपटॉप चार्जरवर असताना हेडफोनमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झची घूं ऐकू येत असेल आणि चार्जर काढताच थांबत असेल, तर दोष अर्थिंगचा किंवा ग्राउंड लूपचा. बॅटरीवर ऐकणे हा फुकटचा उपाय. लोडशेडिंगच्या आठवणीने घरोघरी राहिलेले स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर ॲम्पमध्ये किरकिर आणतात. साइन वेव्हचे आणत नाहीत.

इक्वलायझर आणि क्रॉसफीड

इक्वलायझरचा वाद आता पूर्वीइतका तापत नाही. ध्वनी घडवणाऱ्याने ठरवलेला आवाज बदलू नये, असा जुना आग्रह होता. त्यावरचे उत्तर असे की हेडफोनने तो आवाज आधीच बदललेला असतो. हेडफोनचे वर्तन बऱ्याच अंशी ‘मिनिमम फेज’ असल्याने वारंवारतेतला दोष दुरुस्त केला की वेळेतला दोषही आपोआप सुधारतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट ही साधने आणि ऑटोईक्यूसारखा मापनांचा खुला संग्रह यांमुळे काम सोपे झाले आहे.

क्लोज्ड-बॅकपुरते मात्र पथ्य आहे. कपातल्या परावर्तनाने पडलेला अरुंद, खोल खड्डा इक्वलायझरने भरत नाही. वाढवलेला आवाजही तितकाच खाल्ला जातो, फक्त विकृती वाढते. आधी फट बंद करावी, मगच खर्ज वाढवावा, नाहीतर दोष लपतो आणि ड्रायव्हरवर ताण येतो. ८ किलोहर्ट्झवरचे अरुंद फेरफार दुसऱ्याच्या आलेखावरून करू नयेत, कारण तो भाग प्रत्येक कानाचा निराळा असतो. काही वाढवले तर एकूण पातळी तितकीच खाली घ्यावी, म्हणजे आवाज फाटत नाही. २०० हर्ट्झ, ३ किलोहर्ट्झ आणि खर्जाचा तळ अशा तीन-चार जागी रुंद, सौम्य बदल केले की बहुतेकांचे काम भागते.

क्रॉसफीडची कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये मांडली. स्पीकरचा डावा आवाज उजव्या कानालाही पोचतो, हेडफोनचा पोचत नाही. ती मिसळ कृत्रिमरीत्या करायची. टोकाच्या स्टिरिओ विभागणीच्या १९६० च्या दशकातल्या मुद्रणांना याचा फायदा होतो, नव्या मुद्रणांत लाभ वादग्रस्त आहे. मराठी संग्रहातला मोठा भाग तर मोनो आहे. नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांची जुनी मुद्रणे लावली की आवाज डोक्याच्या मध्यात एका बिंदूवर येतो, आणि कुठलाही क्रॉसफीड त्याला पसरवू शकत नाही. अशा मुद्रणांत वरच्या पट्ट्यात मुख्यतः खरखर असते. ५ किलोहर्ट्झवर हलका उतार दिला की गायकी पुढे येते. याच्या दुसऱ्या टोकाला ‘सैराट’सारखे (२०१६) मुद्रण आहे, ज्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर मुद्रित झाला. एका कामचलाऊ सेटिंगवर दोन्ही ऐकण्याचा हट्ट बहुधा दोन्हींवर अन्याय करतो.

आवाजाची पातळी

कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे आयएसओ २२६ या मानकातल्या वक्रांत नोंदलेले आहे. त्यामुळे एकच हेडफोन ६० डेसिबलला पातळ आणि ८० ला परिपूर्ण वाटतो. बाहेर कूलर चालू असताना आवाज वाढवत नेण्याचा मोह त्यात भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते, म्हणजे ८९ डेसिबलवर पाच तास. हळू ऐकून खर्ज थोडा वाढवणे हा ध्वनीच्या आणि कानाच्या दोन्ही हिशेबांनी बरा पर्याय.

न सुटलेले प्रश्न

काही बाबी अजून खुल्या आहेत. कपाच्या साहित्याचा परिणाम आकारापासून वेगळा काढून, नाव न सांगता केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. जुन्या कृत्रिम कानावर बेतलेले मापदंड ५१२८ वर कसे आणायचे, यावर मतभेद आहेत. प्रत्येकाच्या कानाच्या आकारानुसार आवाज जुळवणारी तंत्रे फोनच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचली आहेत, पण ८ किलोहर्ट्झच्या वर ती कितपत खरी उतरतात याबद्दल जाणकार साशंक आहेत. गळती ओळखून खर्ज स्वतः भरून देणारे संच एएनसीच्या वर्गात आले आहेत. वायरच्या उंची संचांत तसे करायचे तर कपात माइक आणि प्रोसेसर बसवावे लागतील, आणि त्या वर्गाचा ग्राहक ते स्वीकारेल का, हे निर्मात्यांनाही ठरवता आलेले नाही. भारतीय श्रोत्यांच्या पसंतीचा प्रश्न तसाच उरतो. तंबोरा, तबला, संवादिनी आणि मानवी आवाज यांवर आधारलेली, आवाजाची पातळी जुळवलेली चाचणी हाती येईपर्यंत हार्मनचा मापदंड इथे सुरुवातीची जागा म्हणून वापरावा आणि खर्जाचा आकडा ऐकणाऱ्याने स्वतः ठरवावा, इतकीच सध्याची कामचलाऊ पद्धत आहे.